पावती: कब्बालाच्या एका शिकाऊ वाचकाचे प्रश्न



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसत असे. सर "समजलं का?" असं कधी विचारायचे नाहीत. "कुठे अडलं?" असं विचारायचे. समजलं म्हणणाऱ्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यामुळे आज जाणकार म्हणून बोलण्याचा आव न आणता मी फक्त अडलेल्या जागा सांगणार आहे. चार वर्षं मी यहुद्यांच्या गूढविद्येचे, कब्बालाचे, ग्रंथ घेऊन बसतो आहे. मी यहुदी नाही. संस्कृत शाळेपुरतं, हिब्रू त्याहून कमी आणि ज्या अरामी भाषेत या विद्येचा मुख्य ग्रंथ आहे ती शून्य. पात्रता एवढीच.

पहिली अडण्याची जागा शब्दाचीच. 'कब्बाला' म्हटलं की धूर, मेणबत्त्या, जादूटोणा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. हिब्रूत त्याचा अर्थ अगदी साधा आहे: घेतलेलं, स्वीकारलेलं, परंपरेनं हाती आलेलं. हिब्रू आणि अरबी या बहिणी. अरबीतल्या त्याच धातूचा 'कबूल' फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि कबुलीजबाबात, कबुलायतीत घर करून राहिला. म्हणजे हा परका शब्द आपण रोज वापरतो. पण मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीनं. आजच्या इस्रायलमध्ये दुकानात पैसे दिल्यावर जो कागद मिळतो, त्यालाही 'कब्बाला'च म्हणतात. कब्बाला म्हणजे पावती! आणि आपली पावती तरी कशावरून आली? पावणे, म्हणजे पोचणे, मिळणे. जे पावलं त्याची पावती. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द घडवला.

पावती म्हटली की हिशेबनीस पहिला प्रश्न विचारतो: दिली कुणी? सही कुणाची? गूढविद्येच्या अभ्यासात हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली.

सुरुवात मी चुकीच्या दारातून केली. शनिवार-रविवारचं एक शिबिर होतं, बऱ्यापैकी फी होती. तिथे एका रंगीत तक्त्यावर 'जीवनवृक्ष' दाखवला, मनगटाला लाल दोरा बांधला (त्याचे वेगळे पैसे), आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सगळे विश्वाशी एकरूप झालो. शिबिरवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. मला तेच हवं होतं. घरी येऊन मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात दोन रकाने आखले. डावीकडे 'त्यांचं', उजवीकडे 'आपलं'. डावीकडे एन सोफ, म्हणजे ज्याला अंत नाही तो. उजवीकडे निर्गुण ब्रह्म. झालं. डावीकडे दहा सफिरोत, म्हणजे त्या अनंताचे दहा आविष्कार, उजवीकडे चक्रं. पण चक्रं सात. तीन सफिरोत उरल्या. त्या तीन कुठे बसवायच्या या विवंचनेत माझा अख्खा आठवडा गेला. दशावतार घेतले असते तर आकडा जुळला असता, पण मग वराहाच्या समोर कोण, हा प्रश्न आला.

आज ती वही पाहिली की हसू येतं. दहाची गंमत आकड्यात नाही, ओढाताणीत आहे. हेसेद म्हणजे देत राहणारी दया, तिच्यासमोर गेवुरा म्हणजे आवरणारा, न्याय करणारा कठोरपणा. नुसत्या दयेवर जग टिकत नाही, ते तिच्या पुरात वाहून जातं. नुसत्या न्यायावरही टिकत नाही. झोहर या ग्रंथाचं म्हणणं असं की दयेपासून सुटा झालेला कठोरपणा हेच वाईटाचं मूळ. दोघांना सांधणारी तिफेरेत, सौंदर्य. आणि अगदी खाली मालखुत, म्हणजेच शेखिना: ईश्वराचं जगात राहणारं, स्त्रीरूप सान्निध्य, जे आपल्या लोकांबरोबर वनवासातही जातं. ही सगळी घरातली माणसं असावीत तशी भांडतात, रुसतात, पुन्हा एकत्र येतात. त्यांना मणक्यावरच्या चक्रांत कोंबलं की भांडण संपतं आणि त्याबरोबर अर्थही. तेराव्या शतकातल्याच अब्राहम अबुलाफियानं सफिरोतवाल्यांना टोमणा मारला होता की ख्रिस्त्यांनी एकाचे तीन केले, तुम्ही तर दहा केलेत. म्हणजे आतल्या माणसांनाही हे अडलं होतं. माझ्या वहीत मात्र कुणाचं काहीच अडत नव्हतं.

तुलनेची घाई हा आपला मराठी माणसाचा, किंवा एकूणच भारतीय माणसाचा, लाडका दोष आहे. दुसऱ्याचं काही समोर आलं की "हे तर आपल्याकडे आधीच आहे" म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. त्याला आपण औदार्य समजतो. मला तो आळस वाटतो.

या आळसातून मला एका बाईंनी बाहेर काढलं. पुण्याच्या रास्ता पेठेत बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांचं, प्रार्थनागृह आहे, त्याच्या जवळच त्या राहतात. कोकणातल्या 'शनिवार तेल्यां'च्या घराण्यातल्या. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून ते नाव. निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना "कब्बाला शिकवाल का?" म्हणून विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "ते काय असतं ते मला ठाऊक नाही. आलेफ-बेत शिकवीन. पाटी आणा." खरोखरच पाटी आणवली. साठीच्या माणसानं दप्तर घेऊन जिना चढावा तसा मी दर बुधवारी गेलो.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी पाटीवर 'बेत' काढलं. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे बेत जेवणाचा असतो." त्यांनी लक्ष दिलं नाही. ते अक्षर बघा: वर एक आडवी रेघ, उजवीकडे उभी, खाली आडवी. तीन बाजू बंद, डावी उघडी. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे मागची बाजू बंद आणि पुढची उघडी. तोराची, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाची, सुरुवात या अक्षरानं होते, आणि गुंडाळीत ते नेहमीपेक्षा मोठं लिहितात. जुन्या रब्बींनी विचारलं, सुरुवात पहिल्या अक्षरानं, आलेफनं, का नाही? त्यांचं उत्तर असं की वर काय आहे, खाली काय आहे, आधी काय होतं हे विचारू नकोस. इथून पुढे वाच. आणि कब्बालावाले तर वर काय आणि आधी काय हेच विचारत बसले! एका अक्षरानं घातलेली बंदी आणि ती मोडणारी आठशे वर्षांची विद्या, दोन्ही त्या पाटीवर होत्या. झोहरनं यावर कथा रचली आहे. सृष्टीच्या आधी बावीस अक्षरं शेवटाकडून एकेक करून देवापुढे येतात, "माझ्यापासून जग कर" म्हणतात आणि नकार घेऊन परततात. बेतची निवड होते, कारण 'बेराखा', आशीर्वाद, या शब्दाची सुरुवात तिच्यानं होते. आलेफ तेवढी पुढे येतच नाही. गप्प उभी राहते. तिला स्वतःचा उच्चारच नाही.

आणि इथे मी खरा अडलो. आपल्या लिपीत क म्हटला की त्याच्या पोटात अ असतोच. हिब्रू अक्षरं मुळात व्यंजनं. स्वरांच्या टिंबा-रेघा नंतरच्या, आणि प्रार्थनागृहातल्या तोराच्या गुंडाळीत त्या आजही नसतात. द-ब-र अशी तीन अक्षरं दिसतात. 'दावार' वाचलं तर शब्द. वस्तू हाही त्याचाच अर्थ. 'देवेर' वाचलं तर पटकी-प्लेगसारखी साथ. ब चा व कुठे होतो तेही कानानंच ठरायचं. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण सांगायला नको. मी बाईंना विचारलं, "मग बरोबर काय ते कळतं कसं?"

"आधी कुणाकडून तरी ऐकलेलं असावं लागतं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

शिबिराच्या दोन दिवसांत जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात कळलं. कागदावर फक्त सांगाडा आहे. श्वास आधीच्या माणसाच्या तोंडून घ्यायचा. कब्बाला या शब्दात 'घेणं' का आहे ते तिथे उलगडलं. त्यानंतर मी तुलनेची वही बंद केली. (अगदी खरं सांगायचं तर एकदा मोह झाला. गोलेमच्या दंतकथेत मातीच्या पुतळ्याच्या कपाळावर 'एमेत', म्हणजे सत्य, लिहितात. त्यातलं आलेफ पुसलं की 'मेत', मेला, उरतं आणि पुतळा कोसळतो. पुण्याच्या माणसाला हे ऐकल्यावर 'ध'चा 'मा' आठवू नये, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.)

आता सहीचा प्रश्न. झोहर, म्हणजे तेज, हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ. त्यावर नाव आहे दुसऱ्या शतकातल्या गालिलमधल्या रब्बी शिमोन बार योहाईचं. ग्रंथ प्रत्यक्षात लोकांच्या हाती येऊ लागला तो तेराव्या शतकाच्या अखेरीला स्पेनमधल्या कास्तीलमध्ये, मोशे दे लेओन नावाच्या विद्वानाकडून. तो म्हणे, जुन्या पोथीवरून मी नकला करतो. 1305 साली आक्रेचा इसहाक नावाचा एक जिज्ञासू त्याला वाय्यादोलिदला गाठतो. मोशे शपथेवर सांगतो की मूळ पोथी माझ्या आविलाच्या घरी आहे, ये, दाखवतो. घरी पोचण्याआधी वाटेतच तो वारतो. पुढे आविलाच्या एका श्रीमंत बाईनं त्याच्या विधवेला सांगितलं: मूळ पोथी दे, तुझी मुलगी माझ्या मुलाला करून घेते. विधवा म्हणाली, पोथी कधी नव्हतीच, सगळं त्याच्या डोक्यातलं. मी त्याला विचारलंही होतं, स्वतःच्या नावावर का लिहीत नाही? तर म्हणे, माझ्या नावाला कोण विचारतो. शिमोनच्या नावानं चार पैसे येतात.

ही हकिकत दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून आलेली आहे आणि सोळाव्या शतकातल्या एका ग्रंथात उरली आहे. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात गेर्शोम शोलेम यांनी झोहरची अरामी शब्दन् शब्द तपासली. त्यांचा सुरुवातीचा कल ग्रंथ जुना मानण्याकडे होता. पण त्या अरामीत मध्ययुगीन हिब्रूची वळणं आणि स्पॅनिशची छाया सापडत गेली, गालिलचा भूगोलही चुकलेला निघाला. 1941 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी मोशे दे लेओनच्या पदरात ग्रंथ टाकला. त्यानंतरचे अभ्यासक, विशेषतः येहुदा लीबेस, म्हणतात की एकटा मोशे नव्हे, एक मंडळच असावं. आपल्याकडे राजवाड्यांनी महानुभावांची सकळ लिपी फोडली, त्या जातीचं हे काम.

माझ्यासारख्या शिकाऊ माणसाची इथे पंचाईत होते. पावतीवरची सही खोटी निघाली. मग माल खरा मानायचा का? काही महिने मी झोहरला हात लावला नाही. नंतर सनांकडे लक्ष गेलं. झोहर बाहेर येत होता त्याच वर्षांत, 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. तुलना नको म्हणणारा मी, पण हा फरक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्ञानेश्वरांनी संस्कृतातलं धन लोकांच्या बोलीत आणलं, गुरू निवृत्तिनाथांचं ऋण उघड मानलं आणि आपलं नावही सांगितलं. कास्तीलमधला माणूस उलट निघाला. बाजारात बोलायची भाषा सोडून तो अशा अरामीत शिरला जी त्याच्या आसपास कुणीच बोलत नव्हतं, आणि हजार वर्षांमागच्या माणसाच्या अंगरख्यात लपला. एकानं दार उघडलं, दुसऱ्यानं दाराला जुनाट दिसणारं कुलूप घातलं. फसवणूक म्हणा. मला मात्र आता वाटतं की त्याला 'माझं' म्हणण्याचीच भीती होती. जी विद्या घेतलेलीच असावी लागते, तिच्यात नवं काही सुचलेला माणूस काय करणार? देणारा निर्माण करणार. पैशाचं कारण बायकोला सांगायला सोपं.

1492 ला स्पेनमधून हकालपट्टी झाली आणि विद्येचं केंद्र गालिलमधल्या साफेद गावी सरकलं. तिथे 1570 मध्ये इसहाक लुरिया आला. दोनएक वर्षं शिकवलं आणि साथीत गेला, वय 38. त्यानं लिहिलं जवळजवळ काहीच नाही. हायिम वितालनं लिहून ठेवलं. लुरियाचा प्रश्न असा: सगळीकडे तो अनंतच भरलेला असेल तर जगाला जागा कुठली? म्हणून अनंतानं स्वतःला आकसून घेतलं. याला त्सिमत्सुम म्हणतात. त्या पोकळीत प्रकाश आला, त्याला धरणारी भांडी फुटली, ठिणग्या विखुरल्या. त्या वेचून जग सांधणं म्हणजे तिक्कुन. माझा बाळबोध प्रश्न: आकसून गेला कुठे? बाहेर म्हणून काही नाहीच ना?

बाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "भायखळ्याला आमची दहा बाय बाराची खोली. माणसं नऊ. पाहुणा आला की सासूबाई उठून उंबऱ्यात जाऊन बसायच्या. घर सोडून गेल्या असं आम्हाला कधी वाटलं नाही हो."

पुढे वाचताना कळलं की हाच प्रश्न अठराव्या शतकापासून हासिदी पंथाचे यहुदी आणि त्यांचे विरोधक यांच्यात धुमसत होता. हासिदी गुरू म्हणत, आकसणं शब्दशः घ्यायचं नाही, तो कुठेही गेलेला नाही. म्हणजे बाई हासिदींच्या पक्षात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "असेल. तुमचा गृहपाठ दाखवा."

कुलुपाबद्दल एक सांगून पुढे जातो. चाळिशीआधी कब्बाला वाचू नये, असं सगळे सांगतात. ही अट प्रेषित मोशेनं सिनाय पर्वतावरून आणलेली नव्हे. 1666 मध्ये इझमीरचा शब्बताय झ्वी, ज्याला निम्म्या यहुदी जगानं मसीहा मानलं होतं, सुलतानापुढे मुसलमान झाला. घरंदारं विकून निघायच्या तयारीत असलेली माणसं हादरली. त्याच्या पंथाला लुरियाच्या कल्पनांचंच खतपाणी होतं. त्यातूनच पुढे निघालेल्या याकोब फ्रांकच्या प्रकरणानंतर 1756 मध्ये ब्रोडीच्या रब्बींच्या सभेनं ठरवलं: झोहर तिशीनंतर, लुरियाचं साहित्य चाळिशीनंतर. अट पोळलेल्या माणसांनी घातली होती, तिची चेष्टा मी करणार नाही. पण तिच्या हिशेबानं खुद्द लुरियाला लुरिया वाचता आला नसता.

आणि एवढ्या कुलपांतून ही विद्या निसटली कुठे? गाण्यात. साफेदच्या श्लोमो अल्काबेत्झनं शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीदिवसाचं, नवरीसारखं स्वागत करणारं 'लेखा दोदी' रचलं. त्यातली नवरी म्हणजे शेखिनाही आहे, ते कब्बालाचंच अपत्य. आज दर शुक्रवारी संध्याकाळी जगभरच्या प्रार्थनागृहांत ते गातात आणि शेवटच्या कडव्याला दाराकडे वळतात. बाईंनी मला ते गाऊन दाखवलं, बसल्या जागेवरूनच दाराकडे मान वळवून. "हे मी सहा वर्षांची असल्यापासून म्हणते," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की बाई, हीच ती कब्बाला. त्या जरा रागावल्याच. "म्हणजे तुम्ही पैसे भरून शिकायला गेलात ते हे?"

दुसरी गोष्ट एलियाहू हन्नाबींची, म्हणजे प्रेषित एलियाची. कब्बालाच्या परंपरेत थोर गुरूंना रहस्यं तेच येऊन सांगतात. लुरियाबद्दल तर हे आवर्जून सांगतात. आणि बेने इस्रायलींच्या घरी नवस फेडायचा, मंगलकार्य करायचं, तर एलियाहू हन्नाबींच्या नावानं मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात. बाईंकडचा मलिदा मी खाल्ला आहे. सफिरोतचा तक्ता त्या घरात कुणी पाहिला नव्हता, पण रहस्यं सांगणाऱ्याचं ताट मात्र दरवेळी वाढलेलं होतं. याला साम्य म्हणायचं की योगायोग, ते ठरवायची मला आता घाई नाही.

शेवटचं पुण्याचं. लाल देऊळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, 1867 चं, बगदादी यहुद्यांचं प्रार्थनागृह. त्याच समाजातले अब्राहम डेव्हिड इझिकेल नावाचे गृहस्थ पुण्यात राहत. 1879 मध्ये थिऑसॉफीची मंडळी मुंबईत उतरली. इझिकेल तिकडे ओढले गेले. सगळ्या धर्मांच्या गाभ्याला एकच विद्या, हा त्या मंडळींचा मंत्र. इझिकेलांना माझ्या दोन रकान्यांच्या वहीचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. 1887 च्या सुमारास त्यांनी पुण्यात झोहरमधल्या 'इद्रा झुता'चा अरबी अनुवाद हिब्रू अक्षरांत छापला, बगदादी घरांतल्या माणसाला वाचता यावा म्हणून. बगदादच्या रब्बींकडून कडक विरोध झाला: असलं रहस्य घरच्या भाषेत?

'इद्रा झुता' म्हणजे रब्बी शिमोनचा अखेरचा दिवस. मरता मरता तो बोलतो आहे, शिष्य अब्बा लिहून घेतो आहे. 'जीवन' या शब्दाशी आवाज थांबतो. अब्बा पुढच्या शब्दासाठी लेखणी धरून बसून राहतो, मान वर करायची त्याला हिंमत होत नाही. घेणाऱ्याचं याहून नेमकं चित्र मला दुसरं ठाऊक नाही. ते पुण्यात छापलं गेलं होतं.

इझिकेल बरोबर की रब्बी? रब्बींची भीती मला कळते. मी ते शिबिर केलेलं आहे. पण कुणी तरी छापल्याशिवाय माझ्यासारख्याच्या हाती काही येत नाही. म्हणून माझं मत इझिकेलांच्या बाजूला, त्यांची वही माझ्यासारखीच घाईची असली तरी.

एक विनंती करून थांबतो. त्या काळात मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून हिब्रू अक्षरांतली पुस्तकं निघाली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी अर्थासह 1874 साली पुण्यातच छापली गेली, बेने इस्रायलींनी मराठीत कीर्तनं रचली. कॅम्पात, रास्ता पेठेत, अलिबाग-पनवेलकडे कुणाच्या माळ्यावर, जुन्या भाडेकरूनं सोडलेल्या ट्रंकेत असं काही उलट्या बाजूनं उघडणारं पुस्तक सापडलं, तर ते रद्दीत घालू नका. मला वाचता येईलच असं नाही. बाईंना येईल, आणि बुधवारी त्या घरीच असतात.